पुठ्ठ्याची पट्टी आणि यंत्राचा दुभाष्या

इचलकरंजीस प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास गावाची ओळख डोळ्यांच्या आधी कानांनी होते. गल्लीबोळांतून, पत्र्याच्या छपरांखालून, राहत्या घरांच्या तळमजल्यांतून यंत्रमागांचा जो अखंड खडखडाट चालू असतो, त्याने पाहुणा पहिली रात्र बहुधा जागून काढतो. गावकऱ्याची गोष्ट उलट आहे. त्यास हा आवाज ऐकूच येत नाही. वीज जाऊन तो एकाएकी थांबला म्हणजे मात्र तो दचकून जागा होतो. या आवाजाकडे कोणी लक्षपूर्वक कान दिला, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. सर्व मागांची लय एक नसते. साधे पांढरे कापड विणणारा माग आणि वेलबुट्टी उठविणारा माग शेजारी शेजारी उभे असले, तर पहिल्याचे ठोके सामान्यतः घाईचे आणि दुसऱ्याचे संथ असतात. एकाच कुळातील दोन यंत्रांत हा भेद का पडावा? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले असता आपण ज्या शास्त्राच्या दारात जाऊन उभे राहतो, त्याचा आणि सुताचा काही संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. ते शास्त्र म्हणजे संगणकाचे.

हातमागाच्या या गावी विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्यास आश्रय दिला, आणि पुढील अर्धशतकात गावाचे रूपच पालटले. जहागीर गेली, राजवाडा राहिला. त्याच राजवाड्यात १९८२ साली स्थापन झालेली वस्त्र व अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था आज नांदत असून, तेथे एका वर्गात विणकामाचे शास्त्र तर दुसऱ्यात संगणकाचे शास्त्र शिकविले जाते. ही दोन शास्त्रे एका छपराखाली यावीत, हा पुष्कळांस योगायोग वाटेल. वस्तुतः त्यांचे नाते दोनशे वर्षांहून जुने आहे. ते नाते उलगडून दाखवावे, आणि संगणकशास्त्रातील एका जुन्या वादाचा निकाल त्याच्या उजेडात कसा दिसतो ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मागाकडे वळू. कापड विणावयाचे म्हणजे उभ्या धाग्यांपैकी काही वर उचलावयाचे, काही खाली ठेवावयाचे, मध्ये जी वाट पडेल तीतून आडवा धागा न्यावयाचा, आणि फणीने तो ठोकून बसवावयाचा. या एकेका आडव्या धाग्यास आमच्या गावी ‘पिक’ म्हणतात, आणि विणकराची मजुरीही पिकावरच ठरते. जुन्या मागात हा धागा धोटा नेतो, नव्या मागांपैकी काहींत हवेचा झोत नेतो. परंतु प्रत्येक पिकास यंत्रापुढे प्रश्न एकच असतो : या खेपेस कोणते उभे धागे वर?

साध्या कापडात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. एका खेपेस सम धागे, दुसऱ्या खेपेस विषम. म्हणून तेथे टॅपेट, म्हणजे विशिष्ट आकारात घडविलेली लोखंडी चाकती, बसविलेली असते. ती फिरते, आणि तिच्या चढउतारांबरोबर धागे वरखाली होतात. आज्ञा तिच्या आकारातच मुरलेली असल्यामुळे यंत्रास काही वाचावयाचे नसते, विचारावयाचे नसते. म्हणूनच तो माग वेगाने धावू शकतो. पण वीण बदलावयाची झाली की लोखंड बदलावे लागते.

नक्षीच्या मागावर जेकार्ड असते. तेथे पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांची लांबलचक माळ लोंबत असते, आणि प्रत्येक पिकास एक पट्टी पुढे येते. यंत्राच्या सुया ती पट्टी चाचपतात. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते व तिचा धागा उचलला जातो; जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खाली राहतो. नक्षी बदलावयाची तर केवळ माळ बदलावी. लोखंडास हात लावण्याचे कारण नाही. या सोयीचे मोल मात्र प्रत्येक पिकास मोजावे लागते. तीच कोयरी एका थानात हजार वेळा आली, तरी यंत्र तिच्या पट्ट्या हजार वेळा नव्याने चाचपते; ‘ही तर मी आताच विणली’ असे त्यास कधी वाटत नाही. जेकार्डचा माग संथ असण्यास त्याच्या असंख्य दोऱ्या-आकड्यांचे वजन हेही कारण आहे, हे खरे. पण चाचपून मग करणे आणि न चाचपता करणे यांतील अंतर डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर या दोन मागांसारखे दुसरे साधन नाही.

ही पट्टी आली कोठून? फ्रान्समधील लियाँ शहरात रेशमी नक्षीकाम करणाऱ्या मागाजवळ पूर्वी एक पोरगा बसविलेला असे. विणकर सांगेल त्या दोऱ्या प्रत्येक पिकास ओढावयाच्या, हे त्याचे काम. दिवसभराच्या त्या ओढाताणीत तो चुकला की नक्षी बिघडे. १७२५ साली बाझिल बूशाँ याने भोके पाडलेल्या कागदाने दोऱ्या निवडण्याची युक्ती काढली; तीनच वर्षांनी फाल्काँ याने कागदाच्या जागी पुठ्ठ्याच्या जोडपट्ट्या आणल्या; १७४५ च्या सुमारास व्होकांसाँ याने यंत्र स्वयंचलित करण्याचा प्रयत्न केला; आणि या सर्वांचे धागे एकत्र गुंफून जोझेफ मारी जाकार याने १८०४ साली आपला माग सिद्ध केला. त्याचेच नाव आमच्या गावात जेकार्ड होऊन बसले आहे. पोरग्याची सुटका झाली आणि त्याची रोजीही गेली. लियाँच्या विणकरांनी या यंत्रास कडवा विरोध केला तो उगाच नव्हे.

१८३९ साली लियाँस जाकारचे एक चित्र रेशमात विणले गेले. त्यास सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज याच्या संग्रही होती. बॅबेज त्या काळी सर्व प्रकारचे गणित करू शकेल अशा यंत्राच्या आराखड्यात गढलेला होता, आणि त्या यंत्रास आज्ञा देण्यासाठी त्याने जाकारच्या पट्ट्याच निवडल्या होत्या. एडा लव्हलेस हिने १८४३ साली या यंत्रावर जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांतही मागाचा दाखला आहे. बॅबेजने मागाहून एक पाऊल पुढे टाकले होते. मागावरची माळ नुसती पुढे फिरते. त्याच्या आराखड्यात गणिताच्या गरजेप्रमाणे पट्ट्या मागे फिरवून तोच भाग पुन्हा वाचण्याची सोय होती. पुनरावृत्ती ही यंत्राच्या स्वाधीन करावयाची गोष्ट आहे, हे त्याने ओळखले होते. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण पट्टीने मागाची सोबत सोडून गणिताची धरली ती याच वेळी.

आता संगणकाकडे येऊ. विजेवर चालणारे आणि आपल्या आज्ञा आपल्याच स्मरणात साठविणारे संगणक १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडात चालू झाले. या यंत्रांस समजते ती केवळ अंकांची यंत्रभाषा. आणि ती लिहिताना माणसाचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून माणसाने आपल्यास सोसेल अशा भाषेत लिहावे आणि ते यंत्रास समजावून देण्याचे काम मध्ये कोणीतरी करावे, अशी कल्पना निघाली. हा मध्यस्थ कसा असावा, हाच आमचा वाद.

१६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा कंपनीच्या वतीने नारायण शेणवी दुभाष्याचे काम करीत होता. दुभाष्याची रीत आपणास ठाऊक आहे. एक वाक्य ऐकावे आणि ते तेथल्या तेथे दुसऱ्या भाषेत सांगावे. काम तत्काळ सुरू होते, बोलणाऱ्याने मध्येच मत बदलले तरी अडत नाही. पण तेच वाक्य दहादा उच्चारले गेले तर दुभाष्यासही दहादा तोंड उघडावे लागते. तहाच्या कलमांची रीत वेगळी. ती आधी बसून, शब्द शब्द तोलून, दुसऱ्या भाषेत उतरवून ठेवतात. वेळ जातो, पण एकदाच. पुढे वाचणारास दुभाष्याची गरज उरत नाही. संगणकशास्त्रात पहिल्या रीतीस इंटरप्रिटर आणि दुसरीस कंपायलर म्हणतात. एक जेकार्ड, दुसरे टॅपेट.

दोन्ही रीती जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. १९४९ साली अमेरिकेत जॉन मॉकली याच्या सूचनेवरून तयार झालेली ‘शॉर्ट कोड’ ही दुभाष्याच्या रीतीची होती. १९५२ साली ग्रेस हॉपर या विदुषीने आधीच जुळणी करून देणारा आपला पहिला कंपायलर चालवून दाखविला. १९५३ साली आय. बी. एम. कंपनीतील जॉन बॅकस याने ‘स्पीडकोडिंग’ नावाचा दुभाष्या रचला. या दुभाष्याची कथा मोठी बोधप्रद आहे. तो संथ होता. पण ज्या यंत्रावर तो चाले त्यास दशांशचिन्हाचे गणित जात्या येत नसल्यामुळे ते गणितच इतके रेंगाळे, की त्यात दुभाष्याचा वेळ झाकून जाई. पुढे ते गणित जात्या जाणणारे ७०४ हे यंत्र निघाले, आणि झाकण उडाले! आता गणित झटपट होऊ लागले व दुभाष्याची दिरंगाई उघडी पडली. त्याच बॅकसने मग आपल्या सहकाऱ्यांसह १९५७ साली फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. यंत्राने केलेले भाषांतर कसलेल्या माणसाच्या हातच्या लिखाणाची बरोबरी करील, यावर तोपर्यंत फारच थोड्यांचा विश्वास होता. फोर्ट्रानने तो बसविला.

महाराष्ट्रात या गोष्टी पोचावयास फार वेळ लागला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला, आणि १९६४ साली तेथे सी. डी. सी. ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले. त्या काळच्या संशोधकांस आपला फोर्ट्रान मजकूर भोके पाडलेल्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांत बांधून यंत्रचालकाच्या स्वाधीन करावा लागे, आणि निकालाची वाट पाहत बसावे लागे. लियाँच्या मागावरची पट्टी अशा रीतीने कुलाब्यास येऊन पोचली होती. एका भोकाची चूक झाली, तर सारा गठ्ठा परत.

तिसऱ्या वाटेचा पहिला मागोवा याच सुमारास लागतो. अमेरिकेत जॉन मॅकार्थी याने लिस्प नावाची भाषा रचली. त्या भाषेचा अर्थ लावणारे एक सूत्र त्याने केवळ विवेचनासाठी कागदावर मांडले होते. स्टीव्ह रसेल याने ते यंत्रभाषेत उतरविले, आणि अनपेक्षितपणे एक दुभाष्या हाती आला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मॅकार्थीने एक गोष्ट जाता जाता नमूद केली : लिस्पचा एखादा भाग यंत्रभाषेत रूपांतरित करण्याचे काम इतके लवकर होते, की ते रूपांतर पट्ट्यांवर उमटवून पुढच्या खेपेसाठी जपून ठेवण्याचे कारणच नाही. वाक्य लहान असले तरी विचार क्रांतिकारक होता. भाषांतर म्हणजे जपून ठेवावयाचा दस्तऐवज, ही कल्पना येथे ढळली. भाषांतर हवे तेव्हा करावे, वापरावे, आणि काम संपताच टाकून द्यावे! १९६८ साली केन थॉम्प्सन याने हीच युक्ती दुसऱ्या क्षेत्रात वापरली. मजकुरातून एखादा शब्दनमुना शोधावयाचा असेल, तर त्या नमुन्यापुरती यंत्रभाषा त्याने ऐनवेळी तयार करविली.

परंतु सर्वच मजकुराचे ऐनवेळी भाषांतर करीत बसावे काय? या प्रश्नास दिशा देणारे निरीक्षण डोनाल्ड क्नूथ याने १९७१ साली प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष वापरातील अनेक फोर्ट्रान प्रोग्रॅम तपासून त्याने दाखविले, की सामान्यतः प्रोग्रॅमचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग यंत्राचा निम्म्याहून अधिक वेळ खातो. विणकरास यात नवल वाटणार नाही. पदर लुगड्याच्या टोकास एकदाच येतो. अंगाची वीण मात्र हातामागून हात चालूच राहते. वेळ वाचवावयाचा तर तो कोठे वाचवावा, हे उघड आहे. अडचण एवढीच, की प्रोग्रॅमचा हा ४ टक्के भाग कोणता, ते तो चालविण्यापूर्वी बहुधा सांगता येत नाही. लेखकाचा स्वतःचा अंदाजही अनेकदा चुकतो.

दरम्यान दुभाष्याने एक मोठा विजय मिळविला होता. १९७५ नंतर निघालेल्या घरगुती संगणकांत स्मरणशक्ती अगदी तोकडी असे, आणि तीत बेसिक भाषेचा लहानसा दुभाष्या तेवढा मावे. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाची जी योजना सुरू केली, तीत वापरलेल्या बी. बी. सी. मायक्रो या यंत्रांतही असाच दुभाष्या वसत होता. मुलाने ओळ लिहावी आणि यंत्राने ताबडतोब उत्तर द्यावे. चुकले तर तेथेच सुधारावे. कुलाब्याच्या गठ्ठ्यापुढे तिष्ठत बसलेल्या संशोधकाहून हे शाळकरी पोर एका अर्थी श्रीमंत होते.

त्याच १९८४ साली पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी दुभाष्याच्या जागी ऐनवेळचे भाषांतर प्रत्यक्ष राबवून दाखविले. या भाषेत मूळ मजकुराचे प्रथम एका मधल्या, आटोपशीर सांकेतिक लिपीत रूपांतर होत असे. नक्षीचा कागद हा मूळ मजकूर, तर ही सांकेतिक लिपी म्हणजे त्यावरून पाडलेली पट्टी, असे समजावे. ही पट्टी एरवी दुभाष्या चाचपीत बसला असता. या दोघांच्या योजनेत एखादा भाग प्रथम वापरात येताच त्याची यंत्रभाषा तयार होई, हाताशी ठेविली जाई, आणि जागा अपुरी पडल्यास बेलाशक टाकून दिली जाई. कारण पट्टी शाबूत असल्याने ती पुन्हा तयार करता येत असे.

यापुढचे पाऊल ‘सेल्फ’ या भाषेच्या निमित्ताने डेव्हिड अंगर, क्रेग चेंबर्स आणि उर्स हॉल्झले यांनी टाकले. माझ्या मते या सर्व इतिहासाचा गाभा येथे आहे. अशा भाषांत ‘अ आणि ब यांची बेरीज करा’ एवढेच लिहिलेले असते. अ आणि ब हे अंक आहेत की अक्षरे, ते सांगितलेले नसते. दुभाष्यास प्रत्येक खेपेस पाहावे लागते. यंत्राने आता असे करावे : प्रथम निमूटपणे पाहत राहावे, हजार खेपांस अंकच आले, तर पुढेही अंकच येतील असे अनुमान बांधावे, आणि केवळ अंकांपुरती अत्यंत जलद यंत्रभाषा रचावी. परंतु तिच्या दाराशी एक पहारेकरी ठेवावा. आलेली वस्तू अंकच आहे ना, एवढेच त्याने पाहावे. ज्या खेपेस अक्षर येईल, त्या खेपेस ती जलद वाट सोडून द्यावी आणि काम पुनः संथ वाटेवर, मध्ये एक पाऊलही न गाळता, आणून ठेवावे. माघार घेण्याची ही विद्या १९९२ साली त्यांनी प्रसिद्ध केली, ती कोणत्या गरजेतून हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वेगासाठी यंत्राने आत केवढाही कायापालट केला असला, तरी चूक शोधावयास बसलेल्या माणसास त्याचा स्वतःचा मूळ मजकूरच समोर दिसावा, ही ती गरज होती.

मागाच्या भाषेत बोलावयाचे तर हे असे झाले : एखाद्या जेकार्डने विणता विणता ओळखावे की हीच चार पिके पुनःपुन्हा येत आहेत, तेवढ्यापुरती लोखंडी चाकती त्याने चालत्या मागावरच घडवून घ्यावी, आणि नक्षी बदलताच ती काढून फेकून पुन्हा पट्टी चाचपू लागावे. लोखंडाच्या यंत्रास हे कधी साधले नाही. ज्या यंत्राचे लोखंडच जणू अक्षरांचे आहे, त्यास ते साधले. या तिसऱ्या रीतीस पुढे ‘जस्ट-इन-टाइम’ असे नाव पडले. तेही कारखान्यातूनच आलेले आहे. माल आधी साठवून न ठेवता लागेल तेव्हाच हाताशी आणावयाचा, ही जपानच्या मोटारधंद्यात रूढ झालेली पद्धत त्या नावाने ओळखली जात होती.

पुढील इतिहास भराभर सांगता येईल. १९९५ साली जावा भाषा आली. तिची पट्टी कोणत्याही यंत्रावर चाले, पण संथपणाबद्दल तिला बोल लागला. सेल्फच्या परंपरेत वाढलेली माणसे व कल्पना यांच्या आधारे १९९९ साली ‘हॉटस्पॉट’ हे यंत्रणेचे नवे रूप निघाले, आणि तो बोल पुष्कळसा पुसला गेला. २००८ साली गूगलने क्रोम या ब्राउझरबरोबर जावास्क्रिप्टसाठी ‘व्ही-८’ ही यंत्रणा आणली. तिचा मुख्य रचनाकार लार्स बाक हाही त्याच परंपरेतला. या यंत्रणेत प्रारंभी दुभाष्या मुळीच नव्हता. सर्व मजकुराचे सरळ यंत्रभाषेत रूपांतर होई. दुभाष्याचा काळ संपला, असे तेव्हा म्हणणारास कोण चूक ठरविले असते?

पण इतिहासास अशी घाईची भरतवाक्ये मानवत नाहीत. यंत्रभाषेचे लिखाण पट्टीपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. आणि जगातील कोट्यवधी लोकांच्या हाती जे संगणक आले, ते बेताच्या स्मरणशक्तीचे स्वस्त फोन होते. जो मजकूर एकदाच चालावयाचा, त्याचे भाषांतर करून ठेवणे म्हणजे एका रुमालासाठी चाकती घडविण्यासारखे होते. अखेर २०१७ साली व्ही-८ मध्ये ‘इग्निशन’ नावाचा दुभाष्या समारंभपूर्वक परत आणावा लागला. प्रथम दुभाष्याने काम चालवावे, आणि जे भाग खरोखर वारंवार येतात असे दिसेल तेवढेच पुढे जलद भाषांतराकडे सोपवावेत, अशी विभागणी झाली. हद्दपार झालेला दुभाष्या खालच्या किमतीच्या फोनच्या कैवाराने घरी आला, ही या कथेतील मला सर्वांत आवडणारी घटना आहे.

या तिसऱ्या रीतीत दोष नाहीत असे नाही. आरंभी पाहणी करण्यात वेळ जातो. अनुमानासाठी जागा लागते. शिवाय, चालू असताना स्वतःसाठी नव्या आज्ञा लिहून त्या लगेच अमलात आणण्याची मुभा यंत्रणेस दिली, म्हणजे तीच मुभा चोरासही उपयोगी पडण्याचा धोका निर्माण होतो. आयफोनवर सामान्य ॲपला ही मुभा नसण्याचे एक कारण हेच आहे. पायथन ही भाषा १९९१ पासून लोकांत आहे. तिच्या मुख्य आवृत्तीत ऐनवेळचे भाषांतर अवतरले ते २०२४ साली, आणि तेही प्रयोग म्हणून. मध्यंतरीची तेहतीस वर्षे ती दुभाष्याच्याच बळावर चालली आणि जगभर पसरली.

आता पुन्हा इचलकरंजीस येऊ. जेकार्डच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा काळही सरत चालला आहे. १९८३ साली विजेवर चालणारे जेकार्ड निघाले, आणि तेव्हापासून नक्षी संगणकाच्या फाइलीतून मागावर जाऊ लागली. पट्ट्या पाडणारे आणि त्या दोऱ्यांनी ओवणारे हात हळूहळू रिकामे झाले. मागाने संगणकास उसने दिलेली पट्टी संगणकाने अशा रीतीने परत घेतली. माग चालविणाऱ्यांची मुले आज संगणकाचे वर्ग भरून काढतात. आणि तोंडी परीक्षेत त्यांस विचारले की इंटरप्रिटर आणि कंपायलर यांत फरक काय, तर ठरीव उत्तर येते : ‘पहिला मंद, दुसरा जलद.’ पायथन शिकणारा मुलगा हे उत्तर किंचित ओशाळून देतो, जणू त्याने दुय्यम प्रतीचे काहीतरी पत्करले आहे.

या ओशाळेपणास कारण नाही. मंद वा जलद असणे हा भाषेचा गुण नव्हे. कोणती तयारी केव्हा करावयाची, या व्यवस्थेचा तो परिणाम आहे. आणि हा प्रश्न त्या मुलाच्या घरात रोजचाच आहे. त्याचा बाप बहुधा खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचे, माग याचे, आणि मजुरी पिकाची. व्यापारी आज एक वीण सांगतो, उद्या दुसरी. पहिल्या मागणीलाच भुलून सारा कारखाना एका कापडासाठी बांधून घेतला, तर ते कापड बाजारातून उठताच तो बुडतो. कोणत्याच कापडासाठी काही तयारी केली नाही, तर पिकामागे वेळ जाऊन तो सावकाश बुडतो. शहाणा खर्चीवाला काय करतो? पहिल्या थानास तो घाई करीत नाही. मागणी पुनःपुन्हा येते असे दिसले, म्हणजे तेवढ्यापुरती तयारी करतो. आणि तयारीवर पैसा खर्च झाला म्हणून तिच्या प्रेमात पडत नाही. बाजार फिरला की चाकती काढून ठेवतो. स्टॅनफर्डच्या विद्वानांनी १९९२ साली जी विद्या निबंधात मांडली, तिचे मर्म त्याच्या गाठी नाइलाजाने बांधले गेलेले असते.

पुनरावृत्ती दिसल्यावाचून तयारी करू नये. दिसल्यावर आळस करू नये. आणि तयारी केल्यावरही दाराशी पहारेकरी ठेवून, अनुमान चुकताच निमूटपणे मागे फिरावे. पहिल्या दोन गोष्टी व्यवहारी माणसास सांगाव्या लागत नाहीत. तिसरी यंत्रास शिकवावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. माणसास ती शिकवावयास किती लागेल, याचा हिशेब मात्र अद्याप कोणी मांडलेला नाही. पुढच्या खेपेस इचलकरंजीच्या गल्लीतून जाताना साध्या मागाचे घाईचे ठोके आणि नक्षीच्या मागाचे संथ ठोके कानी पडले, तर वाचकांनी क्षणभर थांबावे. त्यांतला संथ माग मागे पडलेला नाही. तो दर पिकास विचारून पुढे जात आहे.